जनसुरक्षा विधेयक : दुरुस्ती कुठे झाली, कुठे राहिली

10 जुलै 2025. मुंबईच्या विधान भवनात पावसाळी अधिवेशन सुरू आहे आणि विधानसभेसमोर, संघटनांना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मांडलेले आहे. सत्ताधाऱ्यांकडे प्रचंड बहुमत असल्याने निकालाबद्दल कोणालाच शंका नाही. तरीही या विधेयकाचा प्रवास मुद्दाम पाहण्यासारखा आहे, कारण निदर्शने, संघटना आणि सरकारविरोधी आंदोलने यांच्याशी थेट संबंध असलेला कायदा सभागृहात कसा तपासला जातो आणि कुठे तपासायचा राहतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

विधेयक पहिल्यांदा आले ते जुलै 2024 मध्ये, अधिवेशन संपता संपता. त्यावर चर्चा झाली नाही, पुढे निवडणुका लागल्या आणि ते बारगळले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते पुन्हा मांडले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे पाठवले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे या समितीचे अध्यक्ष होते आणि तीत विरोधी पक्षांचे सदस्यही होते. समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. राज्याच्या एखाद्या विधेयकावर नागरिकांनी एवढ्या संख्येने लिहावे, ही गोष्ट आपल्याकडे रोज घडत नाही.

सरकारची बाजू अशी होती. जंगलातला सशस्त्र नक्षलवाद ओसरत चालला असला, तरी त्याला माणसे, पैसा आणि आसरा पुरवणाऱ्या शहरी संघटना वेगळ्या नावांनी काम करत राहतात. केंद्राचा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा म्हणजे यूएपीए आणि राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा म्हणजे मोक्का हातात असूनही अशा संघटनांवर कारवाई करताना पुराव्याच्या अडचणी येतात. छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या राज्यांनी स्वतंत्र जनसुरक्षा कायदे केले आहेत, मग महाराष्ट्रानेच का मागे राहावे, असा हा युक्तिवाद होता. गडचिरोलीने जे सोसले आहे, ते पाहता तो उडवून लावण्यासारखा नाही.

आता समितीने काय बदलले ते पाहू. मूळ मसुद्याच्या उद्देशात व्यक्ती आणि संघटना यांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्याचा उल्लेख होता. त्याऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांचा उल्लेख आला. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. बंदीचा निर्णय तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचनाही बदलली : अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि सरकारी वकील. ज्या सरकारचा बंदीचा निर्णय तपासायचा, त्याच सरकारची बाजू न्यायालयात मांडणारा वकील तपासणाऱ्यांच्या पंक्तीत बसवला गेला, याचे सभागृहात फारसे कोणाला वावगे वाटलेले दिसले नाही.

परंतु खरी मेख व्याख्येच्या कलमात आहे. पोलीस अधिकारी किंवा न्यायाधीश कायदा उघडतो, तेव्हा त्याचे बोट प्रस्तावनेवर नव्हे, व्याख्येवर जाते. बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत हिंसा, तोडफोड, शस्त्रास्त्रांच्या वापराला चिथावणी हे सगळे आहेच आणि त्याविषयी वाद असण्याचे कारण नाही. त्याच रांगेत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असलेली कृती आहे आणि प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्था यांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा प्रचार करणे हेही आहे. हे कृत्य बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांतून, खुणेतून, चित्रातूनही घडू शकते. चिकित्सा समितीने या कलमाला हात लावला नाही.

हे कलम महाराष्ट्राच्या इतिहासावर लावून पाहावे. जुलै 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. कायदा मोडा, असे लोकांना उघडपणे सांगणे हाच त्या लढ्याचा गाभा होता. सांगली जिल्ह्यातील बिळाशी आणि रायगड जिल्ह्यातील चिरनेरच्या गावकऱ्यांनीही त्याच वर्षी तेच केले. ते परकीय राज्य होते आणि आज लोकनियुक्त सरकार आहे, हा फरक मोठा आहे. मात्र व्याख्या शब्दांवर चालते, आणि शांततामय कायदेभंगाला वगळणारी स्पष्ट तरतूद त्या कलमात नाही.

विधेयकानुसार सरकार अधिसूचना काढून एखादी संघटना बेकायदेशीर ठरवू शकते. त्यानंतर नुसते सदस्य असण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सदस्य नसतानाही मदत किंवा आसरा दिल्यास दोन वर्षे, आणि बेकायदेशीर कृत्य केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्व गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

इथे एक जुना खटला आठवावा लागतो. मार्च 1950 मध्ये मद्रास सरकारने पीपल्स एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था बेकायदेशीर ठरवली. संस्थेचे सरचिटणीस व्ही. जी. रो न्यायालयात गेले. बंदीची कारणे सल्लागार मंडळ तपासते, असा सरकारचा बचाव होता. 31 मार्च 1952 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. संघटना स्थापन करण्याचा हक्क मूलभूत आहे, त्यावर घाला घालताना बहुतांशी एकतर्फी आणि संक्षिप्त अशी मंडळाची तपासणी न्यायालयीन चौकशीची जागा घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. यूएपीएमध्ये बंदीचा निर्णय उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या न्यायाधिकरणापुढे जातो. महाराष्ट्राने मात्र पुन्हा सल्लागार मंडळाचीच वाट धरली. त्यावर सभागृहात तासभर जरी खल झाला असता, तरी विधेयकाची खरी चिकित्सा झाली असे म्हणता आले असते.

चर्चेत मुख्यमंत्र्यांनी आश्वासन दिले की हा कायदा डाव्या राजकीय पक्षांविरुद्ध नाही आणि संघटनेवर बंदी असल्याशिवाय एकट्या व्यक्तीवर कारवाई होणार नाही. सभागृहातील आश्वासनाला राजकीय वजन असते, पण ते कलमात उतरले नाही तर उद्याच्या सरकारला बांधत नाही.

विधानसभेने विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. विरोध नोंदवला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी. चिकित्सा समितीत बसलेल्या विरोधी पक्षांचा आवाज त्या दिवशी मवाळ होता. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मात्र त्यांनी सभात्याग केला. एकाच विधेयकावर चोवीस तासांत बदललेली ही भूमिका काँग्रेसलाही पुढे चांगलीच अडचणीची ठरली.

आवाजी मतदानात अध्यक्ष होकाराचा आणि नकाराचा आवाज ऐकून निर्णय देतात, नावे लिहून घेतली जात नाहीत. मतविभागणी झाली असती, तर कोणी बाजूने हात वर केला, कोणी विरोधात आणि कोण सभागृहाबाहेर होते, हे नावानिशी कामकाजात आले असते. 288 जणांच्या या सभागृहात आपल्या मतदारसंघाच्या आमदाराने त्या दिवशी काय केले, हे मतदाराला तपासायचे असेल, तर डहाणूखेरीज इतरांना त्यासाठी मतदानाची कोणतीही यादी उपलब्ध नाही.