शांत झालेला अभ्यासगट बंद करताना

नमस्कार. मला आज बायबल अभ्यासगट कसा चालवावा यावर बोलायला सांगितलं होतं, पण मी आयोजकांना विचारून विषय जरा फिरवलाय, मी तो बंद कसा करावा यावर बोलणार आहे. चालवायचा कसा हे सांगणारे पुष्कळ आहेत, बंद करण्याबद्दल मात्र कुणी बोलताना मला दिसलं नाही, गट आपोआप विरतो असंच सगळे धरून चालतात. आमचाही विरत आला होता. आधी पंधरा-सोळा जण यायचे, मग आठ, मग चार, मग "या आठवड्यात जमणार नाही" असं कळवणंही बंद झालं, आणि मी दर आठवड्याला खुर्च्या मांडून बसायचो, कारण बंद करणं म्हणजे विश्वास कमी पडला असं मला वाटायचं. जवळजवळ वर्षभर असं चाललं. मी फार उशीर केला.

गट शांत का होतो? लोक बिझी झाले हे आपलं नेहमीचं उत्तर. असेलही. पण बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक या नजरेने एकदा वाचून बघा. ईयोब म्हणजे सगळं गमावून दुःखात बसलेला माणूस. तिघं मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, मग बोलायला सुरुवात होते, एकेक मित्र बोलतो, प्रत्येकाला ईयोब उत्तर देतो. पहिली फेरी पूर्ण होते, दुसरी पूर्ण होते, आणि तिसऱ्या फेरीत काय होतं? अलीफज बोलतो, मग बिल्दद बोलतो तो जेमतेम 6 वचनं, अख्खा 25वा अध्याय तेवढाच आहे, आणि सोफराची पाळी येतच नाही. काही अभ्यासक म्हणतात की या भागातला मजकूर मागेपुढे झालाय आणि सोफराचं बोलणं ईयोबाच्या तोंडी मिसळलंय, ते मी नाकारत नाही, पण आज आपल्या हातात जे पुस्तक आहे त्यात ती चर्चा आपल्या डोळ्यांदेखत आटत जाते. 32व्या अध्यायाच्या सुरुवातीला सरळ लिहिलंय की त्या तिघांनी उत्तर देणं सोडून दिलं.

कारण ते तिघं उत्तर घरून घेऊन आले होते. तू दुःख भोगतोस म्हणजे तू काहीतरी केलं असणार, बस. अलीफज पहिल्यांदा हे किती हळुवारपणे सांगतो बघा, आणि तोच अलीफज 22व्या अध्यायात ईयोबाच्या तोंडावर आरोप करतो की तू विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलंस. ईयोबाचा प्रश्न होता तिथेच राहिला, फक्त त्यांचा आवाज वाढत गेला. आमच्या गटात हेच झालं. दोन-तीन जणांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असायचं, आणि चर्चा चालवणारा म्हणून मी त्यांना थांबवलं नाही, कारण ते वयाने मोठे होते आणि बोलायचे छान.

आणि त्याच 32व्या अध्यायात अलीहू येतो. हा मला फार जवळचा वाटतो. तो सुरुवातीपासून तिथे बसलेला असणार, पण बाकीचे वयाने मोठे म्हणून तो थांबून राहिला असं त्यात सांगितलंय, तोवर त्याचं नावसुद्धा आलेलं नाही. आमच्या गटातही असा एक मुलगा होता. सात-आठ महिने यायचा, वही काढून बसायचा, एकदाही बोलला नाही, आणि मला वाटायचं की त्याला आवडतंय, ऐकतोय बिचारा. गट बंद करताना मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, मला पहिल्याच महिन्यात एक प्रश्न विचारायचा होता, पण जागा मिळाली नाही. जागा मिळाली नाही, हे त्याचे शब्द आहेत. खुर्च्या तर निम्म्या रिकाम्याच असायच्या.

चर्चा चालवणाऱ्याचं काम म्हणजे ही जागा राखणं. नियम आम्ही एकच केला होता आणि तो चांगला होता असं मला अजूनही वाटतं, तो म्हणजे कुणीही एखादं वचन पुढे केलं की त्याच्या आधीचा आणि नंतरचा भाग मोठ्याने वाचायचा, मगच बोलायचं. वचनांचे नंबर लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत ना, आजचे अध्याय पडले 13व्या शतकात, त्याचं श्रेय स्टीफन लँग्टन या इंग्लिश आर्चबिशपला देतात, आणि नव्या करारातले आजचे वचन-क्रमांक रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने 1551 मध्ये घातले. त्याआधी पौल या प्रेषिताचं पत्र हे पत्रासारखंच सलग वाचलं जायचं. नंबर आल्यापासून शोधायला सोपं झालं, पण एक वचन तोडून दुसऱ्याच्या अंगावर फेकणंही सोपं झालं.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 घ्या. तुमच्याविषयी माझ्या मनात भल्याच्याच योजना आहेत, वाईटाच्या नाहीत, अशा अर्थाचं ते वचन कितीतरी घरांच्या भिंतीवर असतं. आमच्या गटातल्या एका बाईंचा मुलगा वारला होता, आणि कुणीतरी, अगदी चांगल्या मनाने, त्यांना हे वचन म्हणून दाखवलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. नियमाप्रमाणे आम्ही आधीचा भाग वाचला, आणि 10वं वचन आलं की बाबेलची 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. हे तर कैद करून परक्या देशात नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. 70 वर्षं म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यातले बहुतेक जण परत जाणारच नव्हते, त्यांना सांगितलंय की तिथेच घरं बांधा, बागा लावा, लेकरंबाळं होऊ द्या. त्या बाई तेव्हा म्हणाल्या की हे मला जास्त खरं वाटतं, लगेच सगळं नीट होईल असं यात कुणी म्हणत नाहीये. त्या दिवशी दोन तास कुणी घड्याळ बघितलं नाही. असे दिवस होते आमचे, म्हणून तर बंद करवत नव्हतं.

आता, माणसं कमी झाली हे बंद करायचं कारण आहे का? मला नाही वाटत. नहेम्याच्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात पहिल्या दिवशी पाणीवेशीसमोरच्या चौकात सगळे लोक जमलेत, एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय, लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांमध्ये फिरून अर्थ सांगतायत, लोक रडतायत. आणि दुसऱ्या दिवशी? घराण्यांचे प्रमुख, याजक आणि लेवी एवढेच एज्राजवळ बसलेत, आणि मांडवांच्या सणाबद्दलचा भाग सापडतो तो त्यांना. चार जणही पुरतात, पण त्या चौघांना शोधायची भूक पाहिजे. आमच्याकडे राहिलेले चौघं माझ्यासाठी येत होते, मला वाईट वाटू नये म्हणून. हे कळलं तेव्हा मी ठरवलं.

ठरवल्यावर मी नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक पुन्हा काढलं. इफिस शहरात पौल 3 महिने सभास्थानात बोलतो, मग काही जण हट्टाला पेटतात, चारचौघांत या मार्गाची, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची, निंदा करायला लागतात, तेव्हा तो तिथून निघतो, शिष्यांना बाजूला घेतो आणि तुरन्नाच्या पाठशाळेत रोज चर्चा सुरू करतो, 2 वर्षं. तिथला मूळ ग्रीक शब्द नुसत्या प्रवचनाचा नाही, वादसंवादाचा आहे. काही जुन्या प्रतींमध्ये तर वेळही दिलीय, पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे साधारण 11 ते 4. भर उन्हाची वेळ, लोक काम थांबवून आराम करायचे तेव्हाची, आणि बहुतेक म्हणूनच ती जागा मोकळी मिळत असणार. किती आवड असेल त्या लोकांना!

आणि ती चर्चाही संपली. पौल निघाला. पण नंतर जेरुसलेमला जाताना तो मिलेतला थांबतो आणि इफिसच्या मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना मुद्दाम बोलावून घेतो. 20वा अध्याय. आपण काय केलं ते पौल त्यांना सांगतो, काय राखून ठेवलं नाही ते सांगतो, तुम्ही माझं तोंड पुन्हा बघणार नाही हेही सांगतो, मग सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि त्याच्या गळ्यात पडून रडतात, त्याला जहाजापर्यंत पोहोचवायला जातात. त्याला गुपचूप पुढे निघून जाता आलं असतं. इफिसला जायचं नाही हे तर त्याने ठरवलंच होतं, घाई होती. तरी त्याने त्यांना बोलावलं.

म्हणून मीही बोलावलं. येणं सोडून दिलेल्यांनासुद्धा, एकेकाला फोन करून, मेसेज टाकून नाही. तीन जण रागावून गेले होते असं मला तेव्हा कळलं, त्यातल्या दोघांची माफी मागायची होती ती मागितली, तिसऱ्याने फोन उचलला नाही. प्रार्थनेसाठी लोकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या होत्या माझ्याकडे, आजारपणाच्या, घरातल्या भांडणांच्या, त्या ज्यांच्या त्यांना परत केल्या आणि ज्यांच्या करता आल्या नाहीत त्या फाडून टाकल्या, कारण विश्वासाने सांगितलेलं घरात पडून राहणं बरोबर नाही. हे एवढं तरी प्रत्येकाने कराच. पुस्तकं वाटून टाकली. शेवटच्या भेटीला अकरा जण आले.

त्या दिवशी आम्ही मार्कच्या शुभवर्तमानाचा 16वा अध्याय वाचला, 8व्या वचनापर्यंतच. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या दोन हस्तलिखित प्रती तिथेच थांबतात. स्त्रिया येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळतात, थरथरतायत, आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरलेल्या असतात. संपलं. पुढची वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी कुणालाच उत्तर देऊ दिलं नाही, आधी त्या मुलाला विचारलं की तुझा तो पहिल्या महिन्यातला प्रश्न काय होता. तो म्हणाला, हाच. त्या कुणाला काही बोलल्याच नाहीत, तर मग मार्कला कसं कळलं?

दीड तास झाला तरी ते बोलत होते. राहून गेलेल्या प्रश्नांची आमची एक वही होती, ती तो घरी घेऊन गेला.