अलेफचं पान कोणतं?

मंडळी, पत्रिकेवर 'टॅरो आणि हिब्रू अक्षरं' असा विषय छापलाय, त्यामुळे काही जण भविष्य ऐकायला आले असणार. ते आज मिळणार नाही. पहिल्या रांगेतल्या ताई लगेच पर्स आवरायला लागल्या! बसा हो, चहा शेवटी आहे.

आधी माझी तक्रार ऐका. आमच्या भागात एका टॅरो वर्गाचा फलक लागलाय: 'ज्यू ऋषींची तीन हजार वर्षांची गुप्तविद्या, फक्त दोन रविवारांत'. मी गेलो चौकशीला. तिथल्या गुरुजींनी पानं पसरली आणि म्हणाले, "काका, मोठी पानं बावीस, हिब्रू अक्षरंही बावीस. आता हा योगायोग म्हणायचा का?" मी म्हटलं, "हो." त्यावर त्यांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं आणि माझी ऊर्जा घशापाशी अडकल्याचं सांगितलं. ती मोकळी करायचे पैसे वेगळे. हा घसा तेव्हापासून मोकळाच आहे, आणि त्याची शिक्षा आज तुम्हाला होते आहे.

तर टॅरोचा कॅट ७८ पानांचा. त्यातली ५६ पानं आपल्या पत्त्यांसारखी चार रंगांची आणि २२ चित्रांची: जादूगार, सम्राट, उलटा टांगलेला माणूस, मृत्यू, सैतान, सूर्य वगैरे. १४४० च्या दशकात मिलान, फेरारा, फ्लॉरेन्स इथल्या दरबारी मंडळींच्या हातात हे पत्ते दिसतात, आणि ती मंडळी त्यांनी चक्क खेळत होती. चित्रांची २१ पानं म्हणजे कायमचे हुकूम. उरलेला एक मूर्ख, तो टाकला की रंग पाळायच्या सक्तीतून सुटका. फ्रान्समध्ये हा डाव आजही रंगतो.

मग यात गूढ शिरलं कुठून? पॅरिसमधून. आँत्वान कूर द जेबलँ नावाचे एक गृहस्थ होते, प्रोटेस्टंट पाद्र्याचे चिरंजीव आणि अफाट वाचलेले. जुन्या जगाचं सगळं ज्ञान एका ग्रंथमालेत कोंबायचा त्यांनी चंग बांधला होता. ते एका बाईंकडे गेले तेव्हा तिथे टॅरोचा डाव चालला होता. त्यांनी पानं पाहिली आणि पाव तासात निकाल देऊन टाकला: हा इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ आहे! पाव तास, मंडळी. आमच्याकडे सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय वाचून व्हायला याहून जास्त वेळ लागतो. १७८१ साली आठव्या खंडात त्यांनी हे छापलं. इजिप्तची चित्रलिपी वाचायची किल्ली ठरलेला रोझेटाचा शिलालेख सापडला १७९९ ला आणि फ्रेंच पंडित शाँपोलियाँने त्या लिपीचं कोडं सोडवलं १८२२ ला. म्हणजे इजिप्तचं अक्षर कुणालाच लागत नव्हतं, तेव्हा इजिप्तचं काहीही खपत होतं. त्याच खंडात कोंत द मेले यांचाही निबंध आहे, आणि २२ पानांना २२ हिब्रू अक्षरं पहिल्यांदा चिकटली ती तिथे.

नुसता आकडा जुळवायचा असेल तर आपण काय कमी आहोत? सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. कबाला या ज्यू गूढविद्येत सेफिरोत, म्हणजे ईश्वरी शक्तीची रूपं, तीही दहाच. ही गंजिफा जेबलँसाहेबांच्या हाती लागली असती तर मत्स्य, कूर्म, वराह थेट जेरुसलेमला पोचले असते आणि आमचे चितारी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ठरले असते. गंमत बाजूला ठेवू, पण नातं आहे ते पत्त्यांचं. युरोपात पत्ते चौदाव्या शतकात आले ते इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलूकांकडून, आणि त्यांच्या एका पानावर 'कंजिफा' हा शब्द लिहिलेला आहे. म्हणजे इजिप्तचा संबंध खरा निघाला, फक्त पुरोहितांऐवजी जुगाऱ्यांशी!

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे'. अध्यक्षमहाराज, मुख्य मुद्दा अजून यायचाय. असो, पळतो.

अक्षरांची ज्यू परंपरा फार जुनी आणि फार देखणी आहे, तिला पत्त्यांची गरज नाही. 'सेफेर येत्झिरा' या छोट्या हिब्रू ग्रंथावर सादिया गाओन या ज्यू पंडितांनी ९३१ साली भाष्य लिहिलं, म्हणजे टॅरोच्या पाचशे वर्षं आधी. त्यात दहा सेफिरोत आणि बावीस अक्षरं मिळून ज्ञानाचे ३२ मार्ग. तीन अक्षरं वायू, पाणी, अग्नीची, सात ग्रहांची, बारा राशींची. अक्षरांच्या जोड्या लावल्या की २३१ 'दारं' होतात, आणि त्यांतून सृष्टी घडते. पत्त्यांचं नावही नाही.

आता सांधा कुठे दिसतो ते बघा. एलिफास लेवी या फ्रेंच गूढवाद्यांनी १८५० च्या दशकात पहिलं अक्षर अलेफ जादूगाराला दिलं आणि मूर्खाला शेवटून दुसऱ्या जागी, शीनवर बसवलं. लंडनमध्ये १८८८ ला 'गोल्डन डॉन' ही गूढविद्येची गुप्त मंडळी आली. त्यांनी मूर्ख शून्यावर ठेवून अलेफ त्याला दिलं. त्यामुळे एक ते वीस ही पानं एक अक्षर पुढे सरकली. आठव्या पानाला नववं अक्षर तेथ आलं, त्याची रास सिंह, पण पानावर तराजू घेतलेला न्याय! अकराव्याला बारावं अक्षर लामेद, रास तूळ, आणि पानावर सिंहाला आवरणारी बाई! आता काय करायचं? मंडळींनी पानांचीच अदलाबदल केली. बाई आठवर, न्याय अकरावर. १९०९ चा पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला कॅट याच क्रमाने निघाला, आणि तुमच्या-आमच्या बाजारात त्याच्याच नकला मिळतात. नंतर अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्यांनी सम्राट आणि तारा या दोन पानांची अक्षरं आणखी बदलली. विद्या तीन हजार वर्षांची असती तर तिची पानं एकोणिसाव्या शतकात जागा का बदलत होती?

तुमच्यापैकी कुणी अशा वर्गाला गेलंच, तर फी भरण्याआधी एवढंच विचारा: अलेफचं पान कोणतं? 'जादूगार' म्हणाले तर ते लेवींच्या घराण्यातले, 'मूर्ख' म्हणाले तर लंडनचे. 'विश्व' म्हणाले तर बहुधा त्यांनी १७८१ चा द मेले यांचा निबंध वाचलाय, कारण द मेलेंनी अक्षरं उलट्या क्रमाने, 'विश्व' या शेवटच्या पानापासून लावली होती. अशा माणसाकडे मात्र जरूर नाव घाला.