वाळवंटात गर्दी नेमकी कुठे होते?

नमस्कार. मराठीत 'निर्जन' आणि 'एकांत' असे दोन वेगळे शब्द आहेत. निर्जनपणा जागेचा असतो, एकांत माणसाला लाभतो, आणि आजचा विषय, म्हणजे वाळवंटातील तंबूमुक्कामात जाणवणारी गर्दी, या फरकाभोवतीच फिरतो.

कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरवर पसरले आहे. २०१३ मध्ये तेथे वर्षभरात १४ लाखांच्या आसपास भेटी नोंदल्या गेल्या. २०२१ मध्ये तो आकडा ३० लाखांच्या वर गेला. मुक्कामासाठी आखून दिलेल्या जागा मात्र पाचशेच्या घरात आहेत आणि त्यांतील बहुतेक रस्त्यालगत आहेत. त्यामुळे एवढ्या मोठ्या वाळवंटात रात्री माणसे मोजक्याच ठिकाणी एकवटतात.

तरीही केवळ संख्येवरून गर्दी ठरत नाही. डॅनियल स्टोकोल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये 'घनता' आणि 'गर्दीची जाणीव' यांत भेद केला: घनता मोजता येते, गर्दी मात्र ज्याची त्याला वाटावी लागते. याच उद्यानातील हिडन व्हॅली या मुक्कामाच्या तळावर राहणाऱ्या प्रस्तरारोहकांना शेजारचा तंबू म्हणजे उद्याचा दोर धरणारा सोबती वाटू शकतो. तारे पाहायला आलेल्याला तोच तंबू खुपतो.

वाळवंट ही जाणीव अधिक तीव्र करते. जंगलात झाडी आडोसा देते आणि ओढ्याचा आवाज बोलणे झाकतो, पण येथे झाडे विरळ आहेत आणि वारा पडला की दूरची कुजबुजही कानावर येते. शिवाय अंधार इतका गडद असतो की कोणी सहज फिरवलेला डोक्यावरचा दिवा शंभर पावलांवरूनही डोळ्यांत घुसतो. जंबो रॉक्स या दुसऱ्या तळावर १२४ जागा असूनही एखाद्या प्रचंड खडकामागे तंबू मिळाला, तर आपण एकटेच आहोत असे वाटू शकते. माझ्या मते येथे माणसांच्या संख्येइतकेच महत्त्व आडोशाला आहे. (एका जागेवर सहाच माणसांना परवानगी असते, हे दहा जणांचा गोतावळा घेऊन निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

पर्यटकांना प्रश्न विचारून केलेल्या पाहणीतून हे सारे हाती लागेलच असे नाही. गर्दीला कंटाळलेला माणूस पुढच्या वेळी दुसरीकडे जातो, आणि तळावर प्रश्न विचारले जातात ते राहिलेल्यांना. साहजिकच बहुतेक जण समाधानी आढळतात.

१९६४ च्या अमेरिकी वन्यक्षेत्र कायद्याने एकांताची उत्तम संधी हे अशा क्षेत्राचे एक लक्षण मानले आहे, आणि या उद्यानाचा बहुतांश भाग त्याच कायद्याखाली येतो. तो भाग रस्त्यापासून दूर, पायी जाण्याचा आहे. तेथे पिण्याचे पाणी मिळत नाही, आणि माणशी दररोज किमान चार लिटर धरले तरी दोन दिवसांसाठी आठ किलोंचे ओझे केवळ पाण्याचेच होते. म्हणूनच बहुतेक तंबू मोटारीच्या शेजारी लागतात.