पिप्यातला गोडलिंब

(दृश्य : अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं एक गाव, सकाळची वेळ. ओसरीच्या खांबाजवळ तेलाचा रिकामा पिपा, त्यात गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं झाड.)

हा पिपा गोडेतेलाचा, पंधरा किलोचा. काकूनं बुडाला खिळ्यानं चार भोकं पाडली, वावरातली काळी माती भरली आणि गोडलिंब लावला. अंगणात शेळ्या शेंडाही राहू देत नाहीत, म्हणून पिपा ओसरीत आला. त्याला आता तीन वर्षं झाली.

काकू म्हणते, "रोज पानी देतो मी याले. शेणखत टाकलं, चिमूटभर युरियाबी टाकला. तरी काहून पिवळं पडते, सांग बरं?"

(दृश्य : शेंड्याचं एक पान, अगदी जवळून.)

हे पान नीट बघा. पान पिवळं आहे, पण शिरा हिरव्या आहेत, जणू कोणी हिरव्या दोऱ्यानं जाळी विणली आहे. आता खालचं, जुनं पान बघा. ते चांगलं हिरवंगार आहे. नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी झाली असती, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही. म्हणून लोह कमी पडलं की ते शेंड्यावर दिसतं. युरिया नत्र देतो, लोह नाही; त्याचा इथे काही उपयोग नाही.

पण काळ्या मातीत लोह कमी कसं पडेल? ही माती ज्या बेसाल्टची झिजून झाली, तो दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात लोह भरपूर. मातीत लोह आहेच, पण कुलूपबंद आहे. ते कुलूप म्हणजे मातीचा सामू (पीएच).

माती आम्ल (आंबट) आहे की विम्ल (त्याच्या उलट, अल्कधर्मी), हे सामू सांगतो. ७ म्हणजे मधला. ही मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सन या शास्त्रज्ञानं १९०९ साली आणली. तिच्यातली एक गोष्ट आपण नेहमी विसरतो : ७ वरून ८ वर जाणं म्हणजे एक पायरी चढणं नव्हे, विम्लता दहापट होणं. आणि सामू एकानं वाढला की मातीच्या पाण्यात विरघळणारं लोह जवळपास हजारपट घटतं. बहुतेक झाडांना ६ ते ७.५ मानवतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या चुनखडीच्या जमिनी सहज ८ च्या वर असतात.

(दृश्य : ओट्यावर स्टीलचा पेला, वाळवलेली माती, चमचा.)

घरी मोजून बघू. पिप्यातली वीतभर खोलीची माती घेतली, सावलीत वाळवली, चाळली. २० ग्रॅम मातीला ५० मिली डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते पाणी, सीलबंद. ॲसिडची बाटली चुकूनही उचलू नका. ढवळायचं, अर्धा तास निवळू द्यायचं, मग वरच्या पाण्यात सामूची कागदपट्टी बुडवायची. पट्टी रंग बदलते, तो डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. आमची आठाच्याही पुढे गेली. बारीक आकडा हवा असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा, तिथे यंत्रावर मोजतात.

काकूनं तेवढ्यात अर्धं लिंबू त्याच मातीच्या कोरड्या ढेकळावर पिळलं. कान जवळ नेला तर चुरचुर आवाज आला, बारीक फेस उठला. हा चुना. याच्यापुढे कोणतंही औषध लवकर थकतं.

कसं, ते हिशेबानं सांगतो, कारण गंधक टाका म्हणून सगळेच सांगतात. गंधकाचं काम जिवाणू करतात. ओलावा आणि ऊब मिळाली तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत त्याचं आम्ल करतात. पण एक भाग गंधकाचं आम्ल साधारण तीन भाग चुना खातं. पंधरा किलो मातीत समजा शंभरात पाच भाग चुना असेल, तर तो झाला पाऊण किलो. तो संपवायला पाव किलोच्या आसपास गंधक लागेल, आणि तेवढं टाकलं तर क्षार साचून झाडाची मुळंच धोक्यात येतील. चमचाभर गंधकानं काळी माती बदलत नसते. जिप्समही सामू उतरवायला नाही. जमिनीत सोडियम जास्त असेल तर त्याचा उपयोग.

आजीचा उपाय आठवतो? गोडलिंबाला आंबट ताक. तो खोटा नव्हता. ताकातलं आम्ल मुळांभोवती थोडा वेळ लोह मोकळं करतं, पण जिवाणू ते लवकर संपवतात. महिन्यातून एकदा पातळ करून दिलं तर चालतं. चुलीची राख मात्र थांबवा. काकू मुंग्यांसाठी टाकत होती. राख विम्ल असते, सामू आणखी वर नेते.

(दृश्य : हातपंप. मग पिप्याच्या काठावरची पांढरी खपली.)

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. वावरातल्या झाडाला वर्षातून चार महिने पाऊस धुऊन काढतो. ओसरीतल्या पिप्यावर पावसाचा थेंब पडत नाही. तिथे फक्त जमिनीखालचं पाणी, चुन्याचं आणि क्षारांचं. पाणी झाड पितं, ऊन उडवतं, आणि जे विरघळलेलं होतं ते मागे राहतं. काठावरची ही खपली नखानं खरवडली की खडूसारखी भुकटी होते. तीन वर्षं, रोज एक तांब्या. घरात झाड वाढवणाऱ्याला ही हकीकत माहीत असावी असं मला फार वाटतं, कारण पिवळं पान बघून माणूस आणखी पाणी देतो.

मग केलं काय? जूनमध्ये पिपा रिकामा केला. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग चाळलेली माती, असा भराव. काळी माती कमी झाली तसा चुनाही कमी झाला. नव्या भरावात एक चहाचा चमचा गंधक मिसळलं. आता त्याला काम करता येईल. कवेलूच्या छपराखाली ड्रम ठेवला, पहिल्या पावसाचं पाणी सोडून दिलं, मग भरलं.

तोवर झाडाला तग धरता यावा म्हणून हिराकस (फेरस सल्फेट, पाण्यात विरघळणारा लोहाचा क्षार) फवारलं. लिटरला ५ ग्रॅम, लिंबाचे चार थेंब टाकून, संध्याकाळी. आठ दिवसांनी पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके उठले. जिथे थेंब पडला होता, तेवढीच जागा हिरवी! लोहच कमी होतं याची याहून चांगली साक्ष कोणती? कृषी केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यानं धरून ठेवलेलं लोह, आणणार असाल तर डबीवर त्या द्रव्याचं नाव वाचा. ईडीटीए हे उंच सामूच्या मातीत लोह धरून ठेवत नाही, ईडीडीएचए धरतं. आमच्याकडे आधी चुकीची डबी आली होती, महाग होती, आणि वाया गेली.

(दृश्य : ऑगस्ट. शेंड्याची नवी पानं.)

नवीन फूट हिरवी आली आहे. जुनी पिवळी पानं तशीच आहेत, ती गळतील. काकू म्हणते, "आता ड्रमातलंच पानी देतो, दिवाळीपरयंत पुरते." त्यानंतर पुन्हा हातपंप. सामू हळूहळू चढणार. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये चैत्राच्या पानावर तिनं निळ्या पेननं गोल केला आहे, त्याच्या आत लिहिलंय : माती मोजणे.