रायफलीने विमान पडतं का?

नमस्कार मंडळी! ‘दादा, नुसत्या रायफलीने विमान कसं पडेल, काहीही फेकता’ अशा कमेंट्स थांबतच नाहीत. तर आज एकदाचं बोलूच.

उंचावरून जाणाऱ्या विमानाचं रायफल काही वाकडं करत नाही, हे उघड आहे. आपण बोलतोय ते हल्ला करायला खाली आलेल्या विमानाबद्दल. पुढे.

खरी गोम नेमात आहे. ताशी ७२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २०० मीटर. गोळीला ३०० मीटर जायला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात विमान ८० मीटर पुढे! विमानावर नेम धरलात तर गोळी शेपटीच्याही मागून जाणार.

‘पण गेममध्ये तर थेट लागते.’ अरे बाबा, बऱ्याच गेममध्ये गोळीला वेळच लागत नाही, चाप ओढला की लागली! तिथली सवय इथे आणू नका.

आणि एकट्याने नळी फिरवत विमानाचा पाठलागही करायचा नाही. सगळ्या तुकडीने विमानाच्या पुढची एकच जागा धरायची आणि एकदम गोळ्या झाडायच्या. विमान आपणहून त्यात शिरतं. तिसऱ्यांदा सांगतोय, विमानावर नाही, पुढे!

व्हिएतकाँगने, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममध्ये अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांनी, हेच घोटून घेतलं होतं. दोरीवरून पुठ्ठ्याचं हेलिकॉप्टर सरकवायचं आणि त्याच्या पुढे नेम धरायचा. २ जानेवारी १९६३ ला तिथल्याच अप बाकच्या लढाईत अमेरिकेच्या १५ पैकी १४ हेलिकॉप्टरना गोळ्या लागल्या, ५ गमावली. तिथे मशीनगनही होत्या, पण विमानविरोधी तोफ नव्हती.

लागली तरी कुठे लागली, हेही आहेच. कोरियन युद्धातल्या मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाच्या पोटाखाली रेडिएटर होता. त्याला एक भोक पडलं, पाणी गळलं, की इंजिन तापून बंद. म्हणून तर इल्-२ या खाली येऊन हल्ला करणाऱ्या रशियन विमानाला इंजिन आणि वैमानिकाभोवती चिलखत दिलं होतं. पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक रिश्टहोफेन, तोच ‘रेड बॅरन’, त्याला २१ एप्रिल १९१८ ला एकच गोळी लागली. ती कॅनडाच्या ब्राऊन या वैमानिकाने विमानातून झाडलेली, असं अजूनही कमेंटमध्ये भांडणारे आहेत. मला तरी ती जमिनीवरून आलेलीच वाटते. गोळीची दिशा बघा ना.

आता इराकचा तो म्हातारा शेतकरी, २००३ मध्ये जुन्या रायफलीने अमेरिकेचं अपाचे हेलिकॉप्टर पाडल्याचं ज्याच्या नावावर टीव्हीवर दाखवलं गेलं. करबलाजवळ त्या रात्री खालून इतका मारा झाला की बहुतेक अपाचे भोकं पडूनच परतली. त्यात एकाची गोळी ओळखणार कशी?