दुखणारी दाढ, हलणारा दात

(दृश्य : तालुक्याच्या गावातला दातांचा दवाखाना. बाकावर पेशंट.)

सकाळचे दहा. गालावर रुमाल दाबून एक तरुण बसलाय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. लवंग धरून झाली, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. आत शिरल्या शिरल्या म्हणतो, "डॉक्टर, काढूनच टाका!"

शेजारी एक आजी. त्यांना काहीच दुखत नाही. खालचे पुढचे दोन दात हलतात, एवढंच. सून मागे लागली म्हणून आल्या.

दोघांपैकी दात जाणार आहे आजींचा.

(दृश्य : पडद्यावर दाढेचा एक्स-रे.)

तरुणाची कीड थेट नसेपर्यंत पोचलीय. नस सुजलीय, पण दाढेच्या टणक भिंतीत तिला फुगायला जागा नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका असह्य होतो. मुळं मात्र शाबूत आहेत, भोवतीचं हाड भक्कम आहे. रूट कॅनल करून, म्हणजे आतली खराब नस काढून ती पोकळी भरून, वर कॅप बसवली, की ही दाढ पुढे कित्येक वर्षं भाकरी चावेल. कीड हिरडीखाली उतरून कॅप धरायलाही दात उरला नसता, किंवा मूळ उभं चिरलं असतं, तर गोष्ट वेगळी होती.

आता आजी. त्यांच्या दाताला कीड नाही. पण तरुणपणापासून रोज मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ती काळी भुकटी हिरड्यांवर घासली गेली, दातांच्या मुळाशी किटण साचत गेलं, आणि आतलं हाड झिजत राहिलं. हे झिजणं बहुधा दुखत नाही, म्हणून कुणी दवाखान्यात येत नाही. दात धडधाकट, पण त्याला धरून ठेवणारं हाडच उरलं नाही.

अक्कलदाढेची तऱ्हा निराळी. साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षी ती येते, तोवर जबड्यात जागा संपलेली असते. मग ती आडवी अडकते, तिच्यावर आलेल्या हिरडीखाली अन्न कुजतं, सूज येते, तोंड उघडेना होतं. असं वरचेवर होत असेल तर ती काढतात. सरळ आलेली, साफ करता येणारी अक्कलदाढ उगाच काढायचं कारण नाही.

(दृश्य : आजी खुर्चीवर.)

"वरचा दात काढला की नजर जाते म्हणतात, खालचा चालतो ना?" आजी विचारतात. नजरेची नस वेगळी, दाताची वेगळी; वरचा काढला तरी डोळ्याला काही होत नाही. डॉक्टर उलट विचारतात, "साखर आहे? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?" हे सांगायलाच हवं. आणि ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

भुलीचं इंजेक्शन. दाब जाणवतो, दुखत नाही. दात उपटत नाहीत. हळूहळू हलवत खोबण सैल करतात. आजींच्या बाबतीत ते काम आधीच झालेलं आहे.

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. खड्ड्यात रक्ताची जी गाठ धरते, तीच जखमेचं झाकण. ती निघाली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीवघेणा ठणका लागतो.

आजींना बोळ्यामुळे बोलता येत नाही. त्या तर्जनी हिरडीजवळ नेऊन घासल्यासारखी करतात आणि डॉक्टरांकडे बघतात.

डॉक्टर मान हलवतात. नाही.