गुडघ्याला गेलेली जीन्स

श्रोतेहो, नमस्कार. गुडघ्याला फाटलेली, पायाशी झिजलेली, पण कमरेला आणि खिशांना अजून खणखणीत अशी एखादी जीन्स कपाटात असेल, तर आज ती बाहेर काढा. तिची हाफपँट करूया.

खालचा भाग जातो आणि वरचा टिकतो. यामागे एक शिंपी आहे, जेकब डेव्हिस. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात, रेनो गावी, तो तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवायचा. १८७० च्या सुमाराला एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या विजारी टिकत नाहीत, एक भक्कम शिवून द्या, म्हणाली. डेव्हिसनं डक, म्हणजे कॅनव्हाससारखं जाड सुती कापड घेतलं आणि विजार शिवली. टेबलावर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे छोटे खिळे, पडले होते, झुलींचे पट्टे पक्के करायचे. त्यानं तेच खिशांच्या कोपऱ्यांत ठोकले. विजारीचे तीन डॉलर घेतले.

ती विजार पाहून दुसरा आला, मग तिसरा. दीड वर्षात सुमारे २०० विजारी गेल्या. कल्पना कुणी उचलेल ही भीती होती, पण पेटंटचा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता. मग १८७२ मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं, ज्याच्याकडून तो कापड घ्यायचा. तो व्यापारी म्हणजे लेव्ही स्ट्रॉस. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. आणि ते कशाचं, हे नीट ऐका. विजारीच्या आकाराचं नाही, निळ्या रंगाचं नाही. खिशाची तोंडं पक्की करण्याचं! पुढे १९३७ मध्ये मागच्या खिशांचे रिव्हेट कापडाखाली दडवले, कारण ते खुर्च्यांना आणि खोगिरांना ओरखडे काढायचे. असं हे वरचं अर्धं अंग विचार करून मजबूत केलेलं आहे. नवी जीन्स फाडूनच विकायची पद्धत मला मुळीच पटत नाही. फाटायला तिला पुरेशी वर्षं मिळायला हवीत.

आता कात्री. पण आधी जीन्सचं आसन, म्हणजे दोन्ही पाय जुळतात तो भाग, उजेडासमोर धरा. मांड्यांच्या आतल्या बाजूनं कापड विरलेलं दिसलं, तर आतून ठिगळ लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जीन्स घाला, हवी तिथं खडूनं खूण करा, आणि कापताना खुणेच्या दोन इंच खाली कापा. पुन्हा सांगतो, दोन इंच खाली. पुढच्या खिशांच्या पिशव्या आधी बाहेर ओढून ठेवा, नाहीतर त्याही कापल्या जातात. आतल्या शिवणीकडे अर्धा इंच जास्त ठेवा, मागची बाजूही पुढच्यापेक्षा अर्धा इंच लांब. बसल्यावर मागचं कापड वर ओढलं जातं. एक पाय झाला की जीन्स मधोमध दुमडून, कंबर आणि शिवणी जुळवून, त्याच मापानं दुसरा. कापडाच्या कात्रीनं कागद कापू नये, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा. आणि मशीनवर सरळ टीप मारणं मुलग्यांनाही यायलाच हवं, नुसतं मुलींना नव्हे.

दशा हव्यात? डेनिममध्ये उभे धागे निळे, आडवे पांढरे. सुईच्या टोकानं आडवे पांढरे काढत गेलात की खाली उभ्या दशा लोंबतात. गुडघ्याच्या भोकात उलट होतं: उभे निळे तुटतात, आडवे पांढरे उरतात. दशा कुठं थांबवायच्या, तिथं काठापासून अर्ध्या इंचावर गोल टीप मारा. सुई जीन्सची, १६ नंबर. टाका तीन मिलिमीटर. शिवणीच्या जाड उंचवट्यावर सुई मोडते. तो आधी हातोडीनं ठोकून चपटा करा आणि तेवढ्यापुरतं मशीनचं चाक हातानं फिरवा. तिथंच मागं-पुढं दोनदा टीप मारा, कारण पायाच्या शिवणीत बऱ्याचदा साखळी टाका असतो. कापलेलं टोक ओढलं गेलं तर तो सरसर वरपर्यंत उसवतो.

ताणणाऱ्या जीन्सला दशा शोभत नाहीत. आडव्या धाग्यातला रबरी तंतू आखडतो आणि काठ लाटांसारखा होतो. तिला दुमड घाला: दीड इंच जास्त ठेवून आधी अर्धा इंच, मग एक इंच आत.

पहिल्यांदा धुताना ती एकटीच, जाळीच्या पिशवीत. सुटलेले धागे नाहीतर मशीनच्या गाळणीत अडकतात. वाळल्यावर एखादी दशी लांब लोंबत असेल तर ओढू नका, कात्रीनं कापा.